आठ बाजूंचे आरमार

ठाण्याहून कशेळीची खाडी ओलांडून भिवंडीजवळच्या पूर्णा गावाकडे येताना आज दिसतात ती गोदामे आणि कंटेनर. पण शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर मराठी आरमाराची पहिली जहाजे याच खाडीपट्ट्यात बांधली गेली, म्हणून नौदलाच्या नव्या चिन्हावर इथल्या माणसाचा हक्क थोडा जास्तच आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नौदलाचा नवा ध्वज फडकला. पांढऱ्या पटावरचा इंग्रजी वळणाचा लाल क्रॉस गेला आणि त्याजागी निळा अष्टकोन आला. त्याला दुहेरी सोनेरी किनार, आत नांगरावर उभी भारताची राजमुद्रा आणि खाली ‘शं नो वरुणः’ हे नौदलाचे ब्रीद. हा आकार महाराजांच्या अष्टकोनी मुद्रेवरून घेतलेला आहे. पुढच्याच वर्षी सिंधुदुर्गावर नौदल दिन साजरा झाला आणि डिसेंबरअखेर अ‍ॅडमिरलांच्या खांद्यावरची पदचिन्हेही बदलली. त्यांवर आता अष्टकोन, तलवार, दुर्बीण आणि हुद्द्याप्रमाणे तारे आहेत. मला यातली दुर्बीण विशेष आवडते, कारण दूरवर नजर ठेवणे हे आरमाराचे पहिले काम. अष्टकोन म्हणजे आठ दिशा, हे तर शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. चांगले लष्करी चिन्ह असेच असावे: लांबून ओळखू येणारे, जवळून अर्थ उलगडणारे. भिवंडी परिसरातल्या शाळांनी हा ध्वज वर्गात लावावा आणि त्याच्या शेजारी आपल्या खाडीचा नकाशाही लावावा.