ठोक्यांचा हिशेब

तांबट आळीला सॉफ्टवेअर लावा. कुठलं भांडं किती घडवायचं, कुठल्या दुकानी किती धाडायचं, टेम्पो कुठल्या रस्त्यानं न्यायचा हे यंत्रच सांगेल आणि नफा शिगेला पोचेल, असं एका सल्लागार गृहस्थांनी परवा कसब्यातल्या बैठकीत बजावलं. कारागिराचा अंदाज म्हणजे अडाणीपणा, असंही. अंदाजानंच साखर घातलेला चहा मात्र त्यांनी दोनदा मागून घेतला.

गणपतीत रस्ते बंद असतात, हे त्यांच्या टेम्पोला कुणी सांगितलेलं दिसत नाही. ते जाऊ द्या.

मुळात या सॉफ्टवेअरमागच्या गणिताचा जन्म नफ्याच्या घरचा नाही. १९३९ साली लेनिनग्राडमध्ये गणितज्ञ कांटोरोविच यांनी ते मांडलं, ते प्लायवूडच्या यंत्रांना कामं वाटून देण्याच्या प्रश्नावरून. त्या देशात नफा हा शब्दच संशयित होता. १९४७ मध्ये डँट्झिग यांनी ते सोडवायची सिम्प्लेक्स पद्धत काढली, तेव्हा ते अमेरिकी हवाई दलाच्या नियोजनात गुंतले होते. गणिताला उद्दिष्ट लिहून द्यावं लागतं आणि अटीही. जी अट लिहायची राहते, तिथं ते थेट टोकाला जातं. आता तांब्याचं बघा. तांबं ठोकलं की कडक होतं. मठारकामाचे ठोके शोभेपुरते नसतात, भांड्याला बळ त्यांनीच येतं. वहीत मात्र ठोका म्हणजे मजुरी आणि मजुरी म्हणजे खर्च. मठारण्याची अट घातली नाहीत, तर यंत्र ठोके शून्यावर आणेल, आणि त्याचं गणित बिनचूक असेल! ती अट सुचायला हातोडा निदान जवळून ऐकलेला असावा लागतो.

स्टील आलं तेव्हाही असेच हिशेबी लोक म्हणत होते, तांबं संपलं. बंब गेले, हंडे गेले, हे खरं. पुढे तांब्याच्या बाटल्यांची टूम निघेल, हे त्यांच्या कोणत्या रकान्यात होतं?

शेवटी सल्लागारांचा हुकमी पत्ता निघाला: मराठी माणसाचं गणित! १९८४ साली बेल लॅब्जमध्ये नरेंद्र करमरकरांनी काढलेली पद्धत खरोखर देखणी आहे. सिम्प्लेक्स कडेकडेनं एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाते. ही आतून वाट काढते, वाड्याच्या मागल्या दारानं पलीकडच्या बोळात निघावं तशी. पण झटकन पोचायचं कुठं, ते करमरकरांनी ठरवून दिलेलं नाही.

मग सॉफ्टवेअर नकोच का? हवं. पत्र्यातून गोल चकत्या कापताना कातरण कमीत कमी कशी उरेल, हे त्याला जरूर विचारावं. तांबं महाग आहे. बाकी उद्दिष्ट कारागिरांनी लिहावं: प्रत्येक भट्टीला बारा महिने काम. नफा अटींमध्ये टाकावा, अमुक रकमेच्या खाली नको एवढाच. सल्लागारांची फीसुद्धा त्याच अटींत बसते, फक्त तिला मर्यादा वरून घालावी.