सोवळे कान आणि एक गिटार

आमच्या सुशिक्षित वर्गात संगीताविषयी एक विलक्षण सोवळे रूढ झाले आहे. दोन परंपरांचे सूर एकत्र आले, की ते ऐकण्यापूर्वीच ‘संकर’ हा शब्द उच्चारून कान झाकून घ्यावयाचे! या सोवळ्यापायी आपण काय गमावले, हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी अमान्सिओ डिसिल्वा याच्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात. १९३६ साली मुंबईत जन्मलेला हा गोमंतकीय वंशाचा गिटारवादक १९६७ साली लंडनला गेला आणि तेथेच १९९६ साली निवर्तला.

त्याची मुख्य कामगिरी मोजक्या वर्षांतली आहे. १९६९ साली डॉन रेन्डेल व इयान कार या ब्रिटिश जाझवादकांसह ‘इंटिग्रेशन’ निघाली. त्याच वर्षी जमैकात जन्मलेल्या जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाबरोबर त्याने ‘हम दोनो’ मुद्रित केली. ‘कोकण डान्स’ ही मुद्रिका सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी तयार झाली. पण ती लोकांच्या हाती पडावयास २००६ साल उजाडले. तोवर तिच्या कर्त्याला जाऊन दहा वर्षे लोटली होती.

आक्षेपकांचे पहिले म्हणणे असे, की परकीय वाद्यात आपला राग विटाळतो. मग पेटीचे काय? ती फ्रान्सची लेक. तिच्यावर मींड निघत नाही, हा आक्षेप खराच होता. त्यासाठी ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदीही घातली. ती सैल व्हावयास तीन दशके लागली. परंतु तोवर पेटीने आमची बैठक व्यापली होती. येथे दिघोरीच्या मुलखात, झाडीपट्टीच्या नाटकमंडपात ऑर्गनवर रात्र जागविणारा रसिक त्या वाद्याचे कुलगोत्र विचारीत नाही. गिटार तर तारेचे वाद्य. तिची तार ओढून मींड घेता येते. पेटीला जी क्षमा मिळाली, ती गिटारीला का नसावी?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. असले मिश्रण उथळ असते. जाझच्या ठेक्यावर सतारीचे चार झणत्कार शिंपडले की काम झाले, असे म्हणतात. पुष्कळ मुद्रिकांना हे दूषण लागू पडते, हे आम्ही नाकारीत नाही. पण ‘हम दोनो’मध्ये सतारही नाही आणि तबलाही नाही! तेथे गिटार, सॅक्सोफोन, ट्रंपेट, बास, ड्रम आणि एका इंग्रज गायिकेचा शब्दविरहित कंठ आहे. जे हिंदी आहे ते स्वरांच्या चालीत आहे, वाद्यांच्या आरासीत नव्हे. हॅरियट व जॉन मेयर यांच्या १९६६ सालच्या ‘इंडो-जाझ स्वीट’मध्ये दोन संच समोरासमोर बसविले होते; तबल्यावर आमचे केशव साठे होते. तो प्रयोग मोठा होताच. परंतु तेथे जे दोन संचांत वाटलेले होते, ते डिसिल्वाने एका हातात आणले. याला शिंपडणे म्हणावयाचे असेल, तर मुरणे कशास म्हणावे?

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी बोलत नाही, आणि म्हणूनच तो अधिक घातक: हा मनुष्य आमच्यापैकी नव्हे! धर्म वेगळा, वाद्य वेगळे, कर्मभूमी सातासमुद्रांपलीकडे. पण त्याने आपल्या रचनांना नावे दिली ती ‘गँजेस’, ‘जयपूर’, ‘बॅलड फॉर गोवा’. लंडनच्या ध्वनिमुद्रणगृहात बसून ज्याला कोकण आठवले, त्याची आठवण कोकणाला नसावी, यात उणेपण कोणाकडे येते?

आमचे मागणे अवाजवी नाही. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी या मुद्रिका संग्रही ठेवाव्यात, संगीताचा इतिहास लिहिणारांनी त्यांना एखादे प्रकरण द्यावे, आणि सुज्ञ वाचकांनी घरी मुलांसह एकदा तरी त्या ऐकाव्यात. ऐकून नापसंत केल्या, तर तो रसिकाचा अधिकार आहे. न ऐकता नाकारणे याला मात्र अभिरुची म्हणत नाहीत; ते केवळ आळसाचे सोवळे होय.