कोपऱ्यातला जावई

माणसाने दोन गोष्टी कोपऱ्यात बसवू नयेत : रुसलेला जावई आणि सबवूफर. दोघेही एका जागी बसून सगळं घर हलवतात. पहिल्याबद्दल माझ्या सासऱ्यांना विचारा. दुसऱ्याबद्दल मी सांगतो.

झालं असं, की नंदुरबारच्या आमच्या घरातली 10 बाय 12 ची खोली चिरंजीवांनी ‘होम थिएटर’ म्हणून जाहीर केली. (त्यापूर्वी ती पापड-कुरडयांची खोली होती.) पाच स्पीकर आले आणि सहावा, गव्हाच्या डब्याएवढा काळा खोका. दुकानातून आलेल्या पोराने खोलीभर नजर फिरवली आणि साहेबाने रजेचा अर्ज नामंजूर करावा तितक्या सहज निकाल दिला, “याचा आवाज कुठून येतो ते कळतच नाही, काका. टाका कोपऱ्यात!” टाकला.

मंडळी, हे अर्धसत्य आहे, आणि आम्हा बँकवाल्यांना बेरीज पैशापर्यंत जुळावी लागते. साधारण 80 हर्ट्झच्या खालचा खर्ज कुठल्या दिशेने येतो हे कानाला नीट उमगत नाही, इथवर पोरगं खरं बोललं. पण कानाला नसलं तरी खोलीला कळतं! आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर धावतो. 47 हर्ट्झच्या लाटेची लांबी सव्वासात मीटरच्या आसपास होते आणि 12 फुटांत तिचा बरोबर अर्धा भाग मावतो. मग ती समोरासमोरच्या भिंतींवर आपटून स्वतःच्याच अंगावर चढते. भिंतींपाशी दणदणाट, मधोमध सामसूम! 10 फुटांच्या अंगाला हाच तमाशा 56 हर्ट्झला. आणि कोपरा म्हणजे या सगळ्या लाटांना एकदम फूस देणारी जागा. माझा सोफा भिंतीला टेकलेला, म्हणून माझ्या खात्यावर दुप्पट जमा. चिरंजीव मधोमध गादीवर, त्यांच्या खात्यावर शून्य. ते “बेसच येत नाही” म्हणून आवाज वाढवणार आणि माझे दात वाजणार.

“पण कोपऱ्यात आवाज वाढतो ना!” वाढतो की. दुप्पट मिरची टाकली की भाजीही तिखट होते. ती चवदारही होते, असं या मिरचीच्या बाजारपेठेत कोणी उभं राहून म्हणून दाखवावं! त्या गडगडाटात नायिका नायकाला हो म्हणाली की नाही, हे आमच्या सौ.ला तीन दिवस कळलं नव्हतं.

“मग दार लावून घेऊ!” हा दुसरा युक्तिवाद. दाराने नायिकेची किंकाळी अडते, खर्ज अडत नाही. आणि आमच्या त्या कोपऱ्याची भिंत शेजारच्या आजींची. चौथ्या दिवशी आजी अंगणात येऊन हळूच म्हणाल्या, “भाऊ, तुमना घरमा काय शे? रातभर मना पलंग हालस.” सुरात तक्रार नव्हती. म्हातारीला आधी वाटलं होतं, आपलंच काळीज धडधडतंय. दवाखान्यात जाऊन कार्डिओग्राम काढून आल्या होत्या! त्यानंतर मला विनोद सुचेना.

कोणी नियम दाखवील. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल ‘ए’ ही मर्यादा आहे. पण तो ‘ए’च नडतो. त्या मापात 63 हर्ट्झच्या आवाजातून सुमारे 26 डेसिबल वजा होतात. मीटर निवांत, पलंग चालू! कायद्याला कान आहेत, पलंग नाही.

“मग काठीच्या होळीतले ढोल बरे चालतात!” चालतात. नव्हे, अक्कलकुव्याकडे जाऊन ते ऐकावेतच. सातपुड्यात, उघड्या आभाळाखाली. तिथे लाट कोंडायला भिंत नाही, कोपरा तर नाहीच. शिवाय ऐकणारा आपल्या पायांनी तिथे जातो. आमच्या आजी कुठे आपणहून आल्या होत्या?

तेव्हा यावर उपाय एकच, आणि तो गुडघ्यांवरचा. खोका आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, ओळखीचं खर्जातलं काही लावायचं आणि भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे खर्ज सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल, तीच खोक्याची जागा. डेबिट-क्रेडिटची अदलाबदल केली तरी रक्कम तीच राहते, तसं हे. शेहेचाळिसाव्या वर्षी मी रांगलो. सौ. दारात येऊन म्हणाल्या, “काय हरवलं?” म्हटलं, “अक्कल. सापडतेय.”

जागा सापडली ती समोरच्या भिंतीशी, पडद्याच्या डावीकडे, कोपऱ्यापासून तीन फूट आणि आजींच्या भिंतीपासून दूर. खाली जाड रबर, आवाज निम्म्यावर, दहानंतर खोका बंद. निम्म्या आवाजात नायिकेचा होकार ऐकू आला. आजींनाही विचारलं. पलंग म्हणे आता जागेवर आहे. कार्डिओग्रामचे पैसे मात्र त्यांनी काही केल्या घेतले नाहीत.

एकच अडचण होती. त्या जागेवर कुरडयांचा डबा होता. तो आता कोपऱ्यात ठेवलाय. घुमत नाही.