दऱ्या, दर्या आणि शून्य मार्क

मागच्या अंकात आपण एका मित्राची कविता घेतली होती. तिच्यात डोंगर होते, दऱ्या होत्या. अंक निघाला तेव्हा दऱ्यांचा दर्या झालेला. आदिलाबादपासून समुद्र किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहेच! जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना हा घोळ झाला होता. मी घाईघाईत अंकभर सगळीकडे 'र्य'चा 'ऱ्य' करून टाकला. दऱ्या परत आल्या, पण सूर्याचा 'सूऱ्य' झाला आणि एका लेखातल्या आचार्यांना थेट आचाऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसावं लागलं.

कॉम्प्युटरवाली मैत्रीण हसली. म्हणाली, "याला आमच्याकडे रिग्रेशन म्हणतात. एक दुरुस्त करायला जायचं आणि चालू असलेलं बिघडवायचं." मग तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. त्यात चाळीसेक शब्द आहेत: सूर्य, धैर्य, कार्य एकीकडे, वाऱ्या, सुऱ्या, दऱ्या दुसरीकडे. फाँट बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये काहीही बदल केला की हे शब्द त्यातून जातात, अपेक्षित रूपाशी ताडून पाहिले जातात, आणि चुकलेला शब्द लाल दिसतो. दोन सेकंदांचं काम. आधी आम्ही तिघं मिळून सगळा अंक पुन्हा पुन्हा वाचायचो. तिसऱ्या वाचनाला डोळा समोरचं वाचतच नाही, मनातलं वाचतो. ज्यांनी कधी प्रुफं तपासली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

सॉफ्टवेअर टेस्टिंगचं ऑटोमेशन म्हणजे मुळात एवढंच. सेलेनियमसारखी साधनं (हे २००४ पासून आहे) माणसासारखी वेबपेज उघडतात, बटणं दाबतात, फॉर्म भरतात आणि उत्तर तपासतात. रात्री लावून द्या, सकाळी यादी तयार. माझा मावसभाऊ हैदराबादला टेस्टर आहे. ख्रिसमसला घरी आला तेव्हा सांगत होता, की आधी प्रत्येक नव्या आवृत्तीला तेच तेच लॉगिन, तेच पैसे पाठवणं, तेच ओटीपी हाताने करावं लागायचं. शुक्रवारी संध्याकाळी कंटाळून चार पायऱ्या गाळल्या तरी कुणाला कळायचं नाही. यंत्राला शुक्रवार नसतो.

तुम्ही म्हणाल, एका कवितेपायी एवढं कशाला? मग २०१९ चा इंटरचा निकाल आठवा. मी तेव्हा शाळेत होते. १८ एप्रिलला निकाल लागला. नऊ लाखांवर मुलं बसली होती, तीन लाखांहून जास्त नापास. निकालाचं काम नव्या कंपनीकडे, नव्या सॉफ्टवेअरवर होतं. परीक्षेला बसलेल्या काही मुलांपुढे गैरहजर लागलं. मंचेरियाल जिल्ह्यातल्या (२०१६ पर्यंत तो आपल्याच जिल्ह्यात होता) एका मुलीला तेलुगूत शून्य मिळालं. फेरतपासणीत तेच ९९ निघाले. त्या दिवसांत वीसहून अधिक मुलांनी जीव दिला. प्रत्येकामागे सॉफ्टवेअर होतं असं मी म्हणणार नाही. ते शून्यसुद्धा प्रोग्रॅमने दिलं नव्हतं, पेपर तपासणाऱ्याने चुकीचे गोल रंगवले होते.

पण माझा मुद्दा इथेच आहे. माणूस गोल चुकवणारच. ती चूक प्रोग्रॅम अडवतो की नाही, हे निकालाच्या आधी तपासता येतं. मुद्दाम खोट्या मार्कांच्या नोंदी बनवायच्या: एक मुलगा बाकी सगळ्या विषयांत नव्वदच्या वर आणि एकात शून्य, एक मुलगी हॉलमध्ये हजर, पण कोड गैरहजरचा. प्रोग्रॅमने त्या नोंदी 'माणसाने पुन्हा बघा' म्हणून बाजूला काढल्या पाहिजेत. नाही काढल्या तर प्रोग्रॅम नापास, मुलगी नाही. अशा हजारो नोंदी हाताने कोण भरून बघणार? आणि शेवटच्या आठवड्यात कुणी एक ओळ बदलली तर सगळ्या परत कोण भरणार? पुढे चौकशी समितीच्या शिफारशीनंतर फेरतपासणीचा निकाल दुसऱ्या स्वतंत्र संस्थेकडूनही काढून घेतला आणि दोन्ही ताडून पाहिले. तेही याच जातीचं काम, फक्त उशिरा झालेलं.

ऑटोमेशनमुळे टेस्टरच्या नोकऱ्या जातील ही भीती खोटी नाही. मावसभावाच्या टीममधले दोघं गेले, आणि त्यांना कुणी नवीन शिकवलं नाही हे मला पटलेलं नाही. तो स्वतः टिकला, कारण आता तो टेस्ट लिहितो. म्हणजे माणसं कुठे कुठे चुकतील याचा विचार करतो. प्रोग्रॅम फक्त विचारलेलंच तपासतो. आमच्या यादीत 'ळ'चा एकही शब्द नव्हता, म्हणून या अंकाच्या कच्च्या प्रतीत 'बाळ'चा 'बाल' होऊन बसला आणि सगळं हिरवं दिसत राहिलं.

तो सापडला माझ्या आजीला. आता यादीत बाळ, काळ, वेळ, टाळ आहेत. तुम्हाला आणखी कुठला शब्द मोडलेला दिसला तर कळवा, रविवारी रात्री यादीत घालते.