पोट फुगतंय? गॅस म्हणून सोडू नका

पाळी गेलेल्या किंवा जायला आलेल्या प्रत्येक बाईला आणि तिच्या घरच्यांना ही कळकळीची विनंती आहे. अलीकडे पोट फुगायला लागलं असेल आणि दोन-तीन आठवड्यांत उतरत नसेल, तर ओवा आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर दिवस काढू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, "अंडाशयाला गाठ तर नाही ना? सोनोग्राफी करू या का?"

अंडाशयाचा कर्करोग बहुतेक बायकांमध्ये सापडतो तो पोटात पसरल्यावर. लक्षणं आधीपासून असतात, पण ती पोटाच्या तक्रारींत खपून जातात. परकराची नाडी रोजच्या जागी बांधली की काचते, दंड मात्र बारीक होत चाललेले असतात. अर्धी भाकरी खाल्ली तरी पोट गच्च वाटतं. ओटीपोट जड होतं, दुखतं, लघवीला सारखं उठावं लागतं. वय झालं, दुसरं काय, असं बाई स्वतःच म्हणते आणि कामाला लागते. यातला कुठलाही त्रास वर्षभराच्या आत सुरू झालेला असेल आणि महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस होत असेल, तर तपासणी झालीच पाहिजे. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर एक दिवसही थांबू नका.

'माझी पिशवी काढली आहे, मला काय होणार?' असं अनेकजणी म्हणतात. आपल्याकडे पिशवी काढलेल्या बायका गावोगाव आहेत. पण गर्भाशय काढताना अंडाशयं बऱ्याचदा तशीच ठेवतात. जुने कागद डॉक्टरांना दाखवा. पॅप स्मिअर नॉर्मल आली म्हणूनही निर्धास्त राहू नका, ती गर्भाशयाच्या मुखाची तपासणी आहे.

त्रास नसताना दरवर्षी तपासण्या करून हा रोग रोखता येईल का, हे ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांमध्ये पाहिलं गेलं. त्याने मृत्यू कमी झाले नाहीत, हे 2021 साली स्पष्ट झालं. म्हणून तर अंगावर दुखणं काढायचं नाही, ही गोष्ट इतकी महत्त्वाची.

निदानासाठी डॉक्टर आतून तपासतात आणि योनीमार्गातून सोनोग्राफी करतात. लाजू नका, गाठ तिथूनच नीट दिसते. सीए-125 या एकट्या रक्ततपासणीवर विसंबू नका. सुरुवातीच्या अवस्थेत ती जवळपास निम्म्या रुग्णांत नॉर्मल येते, आणि फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस किंवा पोटाच्या टीबीतही वाढते. या कर्करोगासारखंच टीबीतही पोटात पाणी होतं. तेव्हा टीबी सांगितला असेल, तर निदान कशावरून केलं, पाण्याची किंवा तुकड्याची तपासणी झाली का, हे विचारा. टीबीची चालू औषधं मात्र मनाने बंद करू नका.

तरुण मुलींनी सोनोग्राफीत 'सिस्ट' हा शब्द वाचून घाबरू नये. बहुतेक साध्या सिस्ट दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात, पण डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा पाहायला हवं. एकाएकी एका बाजूला असह्य दुखून उलट्या झाल्या, तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. त्याच तासाला दवाखाना गाठा.

कर्करोगाची शंका असलेली गाठ सुई घालून रिकामी करायची नसते. ती फुटली तर रोग पोटात सांडू शकतो. अशा गाठीची शस्त्रक्रिया स्त्रियांच्या कर्करोगाच्या सर्जनकडूनच करून घ्या. रोग अंडाशयापुरताच असताना सापडला, तर दहापैकी नऊ बायका पाच वर्षांनंतरही हयात असतात. आई, बहीण, मावशी किंवा आत्याला अंडाशयाचा वा स्तनाचा कर्करोग झालेला असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. वडिलांकडूनही हा धोका येतो.

मुलांनो, नवऱ्यांनो, ती 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणेल, तुम्ही याच आठवड्याची वेळ घ्या. खर्चाची धास्ती असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जा आणि आरोग्यमित्राला भेटा.