भंगारातला निळा उजेड



कचरा वेचणाऱ्या बायांच्या आरोग्याबद्दल बोलताना किरणोत्साराचा विषय आपल्या बैठकांत सहसा निघत नाही. तो निघायला हवा, असं मला वाटतं.

१९८७ साली ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात, सोडून दिलेल्या दवाखान्यातलं कॅन्सरवरच्या उपचाराचं यंत्र भंगारात गेलं. त्यातली सीझियमची पूड अंधारात निळी चमके. लोकांनी ती कौतुकाने वाटून घेतली. मग उलट्या, जुलाब सुरू झाले. ‘हे घरात आल्यापासूनच सगळे आजारी पडले’, हे ताडलं भंगारवाल्याच्या बायकोने. तिनेच ते आरोग्य कार्यालयात पोचवलं. तेव्हा कुठे कारण कळलं. ती आणि तिची सहा वर्षांची पुतणी धरून चौघं दगावली. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत, विद्यापीठाने लिलावात विकलेल्या यंत्रातल्या कोबाल्टने एका मजुराचा बळी घेतला.

तीन पात्यांची खूण असलेली किंवा आकाराच्या मानाने फार जड धातूची वस्तू दिसली, तर ती उघडू नका. लांब व्हा, इतरांना लांब ठेवा, पोलिसांना कळवा. हात लागलाच तर कपडे बदला, साबणाने अंग धुवा आणि डॉक्टरांना भंगाराबद्दल आवर्जून सांगा.

पण सगळी खबरदारी वेचणारीनेच का घ्यायची? यंत्र वापरणाऱ्या संस्थेनेच त्याची शेवटपर्यंत विल्हेवाट लावली पाहिजे. ही मागणी आपण लावून धरू या.