धोक्याचा कर्ता कोण?

एखाद्या माणसास अथवा वस्तूस संकटात लोटणे या एका क्रियेसाठी इंग्रजी भाषेने निदान पाच शब्द जवळ बाळगले आहेत : एन्डेंजर, इम्पेरिल, जेपर्डाइझ, हॅझर्ड आणि रिस्क. मराठीत येताना मात्र या पाचांनाही बहुधा ‘धोक्यात आणणे’ या एकाच दावणीला बांधले जाते. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत तेच लिहितो, लिपिक टिपणीत तेच लिहितो आणि दोघांचेही काम भागते. पण काम भागले म्हणजे अर्थ पोहोचला, असे नव्हे.

या शब्दांची कुळे पाहिली म्हणजे त्यांच्यातील अंतर ध्यानात येते. ‘डेंजर’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचे मूळ ‘स्वामी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. एखाद्याच्या ‘डेंजर’मध्ये असणे म्हणजे त्याच्या सत्तेखाली, त्याच्या मर्जीवर असणे. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधील न्यायसभेत, अँटोनिओ शायलॉकच्या कचाट्यात सापडला आहे हे सांगताना शेक्सपिअरने तो याच अर्थाने योजला आहे. ‘पेरिल’चे लॅटिन मूळ कसोटी अथवा प्रयोग असे सुचविते. ‘जेपर्डी’ म्हणजे मुळात दोन्ही बाजूंना सारखीच संधी असलेला डाव, तर ‘हॅझर्ड’ हे फाशांच्या एका खेळाचे नाव होते. म्हणजे यांतील दोन शब्द जुगाराच्या पटावरून उठून आले आहेत. ‘पणाला लावणे’ हा मराठी वाक्प्रचारही द्यूताच्याच पटावरचा. मग ‘जेपर्डाइझ’साठी तो सोडून ‘धोक्या’च्या दारी कशासाठी जावे?

हा केवळ पंडिती काथ्याकूट आहे, असे कोणी म्हणेल. त्याने कायद्याचे एक उदाहरण पाहावे. अमेरिकेच्या राज्यघटनेतील १७९१ च्या पाचव्या दुरुस्तीने एकाच अपराधासाठी कोणासही दोनदा ‘जेपर्डी’त टाकण्यास मनाई केली. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २० (२) मध्येही याच जातीचे संरक्षण आहे. येथे ‘दुहेरी धोका’ असे भाषांतर केले, तर वाचणाऱ्यास काहीच बोध होणार नाही. आरोपीचे जीवित व स्वातंत्र्य न्यायालयापुढे एकदा पणाला लागले. आता त्याच डावासाठी ते पुन्हा लावू नये, असे म्हटले की तत्त्व तत्काळ उमगते.

‘हॅझर्ड’ आणि ‘रिस्क’ यांतील भेद तर माणसांच्या प्राणांशी निगडित आहे. सुरक्षाशास्त्रात पहिला शब्द पदार्थाच्या अंगच्या घातकतेसाठी आणि दुसरा त्या घातकतेपासून अपाय होण्याच्या संभवासाठी वापरतात. भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यातील ज्या टाकीतून २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू सुटला, तीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होते. हे द्रव्य जात्याच घातक. तो त्याचा गुणधर्म. परंतु ते थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोराही निकामी होता. त्यामुळे जी वाढली ती जोखीम, आणि ती द्रव्याने नव्हे, माणसांनी वाढविली. दोन्हींना ‘धोका’ म्हटले की दोष रसायनावर ढकलून मोकळे होता येते. त्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालावे लागले. मराठीत यासाठी ‘घातक’ आणि ‘जोखीम’ हे दोन शब्द हाताशी असताना दोहोंचे काम एकावर का लादावे?

तथापि सर्वांत मोठा प्रश्न शब्दांचा नसून कर्त्याचा आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ३३६ इतरांचे जीवित वा सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या बेदरकार अथवा हयगयीच्या कृत्याबद्दल होते. कोणास इजा झालीच पाहिजे, अशी त्यात अट नव्हती; दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हाच अपराध. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद वा २५० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये हेच तत्त्व कायम असून दंडाची मर्यादा २,५०० रुपये झाली आहे. दोन्ही कलमांचा आरंभ ‘जो कोणी’ने होतो. कायदा आधी माणूस शोधतो, मग धोका.

आपले कचेरी-मराठी याच्या नेमके उलट वागते. पूल खचतो तेव्हा ‘नागरिकांचे जीवित धोक्यात आले’. शाळेचे छप्पर गळते तेव्हा ‘विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेस धोका निर्माण झाला’. जणू धोका हा आभाळातून पडणारा पाऊस! इंग्रजीतही कर्ता लपविण्याची सोय आहेच, आणि तेथील अधिकारी ती मनसोक्त वापरतात. पण मराठी या बाबतीत मुळीच दुबळी नाही. ‘धोक्यात येणे’ आणि ‘धोक्यात घालणे’ या दोन क्रियापदांतच सारा न्याय सामावला आहे. ‘संकटात लोटणे’, ‘गोत्यात आणणे’, ‘पणाला लावणे’, ‘जीव टांगणीला लावणे’ यांतील प्रत्येक प्रयोग ‘कोणी?’ असा प्रश्न विचारतो. आणि ‘धोका’ या शब्दाला तर विश्वासघात असाही अर्थ आहे. धोका दिला म्हटले की देणाराही आलाच.

शिक्षकांनी हे शब्द शिकविताना प्रतिशब्दांच्या यादीवर न थांबता प्रत्येकाचा कर्ता विचारावा. लिपिकाने मसुदा लिहिताना ‘येणे’ खोडून ‘घालणे’ लिहून पाहावे. वाक्यात एक रिकामी जागा तत्काळ दिसू लागेल. ती जागा कोणाच्या नावाने भरायची हे पुष्कळदा सर्वांनाच ठाऊक असते. ती भरण्याचे धैर्य मात्र कोणताही शब्दकोश देऊ शकत नाही.